सदाशिव पेठेच्या पिनकोडातलं गणित

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक संख्या लिहून घ्या: 411030. सदाशिव पेठेचा पिनकोड. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाले, तेव्हापासून पत्त्याखाली असे सहा आकडे आपण लिहीत आलो. आज त्यांच्याकडे निव्वळ संख्या म्हणून बघू. चार लाख अकरा हजार तीस.

शेवटी शून्य, म्हणजे दहाने भाग जातो. आकड्यांची बेरीज नऊ, म्हणजे नवानेही जातो. नव्वदने भागा, उत्तर येतं 4567. चार, पाच, सहा, सात, अगदी ओळीने! शिवाय ही मूळ संख्या आहे. पडताळायचं तर 67 पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून बघावं लागतं, कारण 68 चा वर्ग 4624, तो हिच्या पुढे जातो.

ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जातो, तिला दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. सदाशिव पेठ हर्षद आहे. कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीला शाळामास्तर. आकड्यांवर इतकं जीव लावणारा माणूस विरळा.

त्यांचा एक आवडता खेळ असा: संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवायची. खडकीपासून सुरू करू. 411003, बेरीज 9. मिळवली की 411012, दापोडी. पुन्हा नऊ मिळवा, 411021, पाषाण-बावधन. आणखी नऊ, आलो सदाशिव पेठेत. तिथून 411039, भोसरी. आता बेरीज अठरा झाली, म्हणून पुढची उडी दुप्पट: 411057, हिंजवडी! टपाल खात्याने हे ठरवून केलेलं नाही. नवाच्या पटीत नवाची पट मिळवली की उत्तर नवाच्याच पटीत राहतं, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून फर्ग्युसनचा 411004 या साखळीत कधीच सापडायचा नाही. त्याची बेरीज दहा.

मला खरी ओढ आहे ती उलट्या प्रश्नाची. एखाद्या संख्येपर्यंत या रीतीने कुठूनच पोचता येत नसेल तर? अशा संख्येला कापरेकर स्वयंभू म्हणत, देवळाली संख्या असंही म्हणत. कसबा पेठ, रास्ता पेठ यांचा 411011 घ्या. त्याच्या आसपास मागे असलेल्या संख्यांमध्ये आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त 32 होते, त्यामुळे 410979 च्या मागे शोधायलाच नको. नवाने भागून उरणारी बाकी जुळवली, की उमेदवार चारच उरतात. 410980 मधून मिळतात 411002. 410989 मधून 411020. 410998 मधून 411029. आणि 411007 मधून पुन्हा 411020. 411011 कुणालाच गाठता येत नाही. आपल्या ग्रामदैवताच्या पेठेचा पिनकोड स्वयंभू आहे!