पाठीवरचं बिऱ्हाड

श्रोतेहो, नमस्कार.

आज डोंगरातल्या एका दिवसाबद्दल बोलायचं आहे. पण बोलणं फिरून फिरून पाठीवरच्या सॅकवर येणार, हे आधीच सांगून ठेवतो. डोंगर उंच असतो, जंगल दाट असतं, सगळं खरं. पण दिवसभर माणसाच्या डोक्यात काय असतं विचाराल, तर खांद्यात रुतणारा पट्टा.

रतनगड ते हरिश्चंद्रगड ही सह्याद्रीतल्या भटक्यांची लाडकी वाट. त्यातला रतनवाडी ते पाचनई हा एक दिवस सांगतो. महिना जानेवारीचा. आम्ही पाच जण, कॉलेजातले सोबती, आता सगळे पन्नाशीच्या अल्याडपल्याड. एकाच्या गुडघ्याला पट्टा, एकाची साखर वाढलेली, आणि मी, ज्याला काहीच झालेलं नाही असं मी सगळ्यांना सांगत असतो.

घरातून निघताना वजनकाट्यावर एकदा सॅकसकट उभा राहिलो, एकदा सॅकशिवाय. वजाबाकी केली, 13 किलो. माझं वजन 68. ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं, असा आमच्यातला ठोकताळा. म्हणजे मी काठावर पास.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. इतकं कोरीव की त्याच्यावर एक वेगळं भाषण होईल. पहाटे तिथून जवळच एका अंगणात आमची मैत्रीण सगळ्यांच्या सॅक उपसत होती. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कुणाची हिंमत नाही. "स्लीपिंग बॅग तळाला. जड सामान मधोमध, पाठीला चिकटून. हलकं वर आणि बाहेर." कारण साधं आहे. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि दोन तासांत कंबर बोलायला लागते. कमरेचा पट्टा नीट आवळला, तर बरंचसं वजन कमरेच्या हाडांवर उतरतं, खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा. माझा तो पट्टा वीस वर्षं नुसता शोभेला लोंबत होता, हे त्या पहाटे कळलं. रात्रीचे 2 किलो तांदूळ, डाळ आणि पातेलं माझ्या वाट्याला आलं. मधोमध, पाठीला चिकटून.

आमच्यातल्या एकानं भेळेसाठी कुरमुऱ्यांची उशीएवढी पिशवी आणली होती. ती त्यानं सॅकला बाहेरून बांधली. तो चालायला लागला की ती खुळखुळायची. त्यावरून त्याची जी काही टिंगल झाली, ती आकाशवाणीवर सांगण्यासारखी नाही.

सहाला निघालो. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा इथे अगदी लेकरू आहे. खाली भंडारदऱ्याला 1926 साली बांधून झालेलं धरण जिचं पाणी अडवतं, ती नदी आपण इथे दगडावरून उडी मारून ओलांडतो. एकदा नाही, चारपाच वेळा. पुढे वाट फुटते. एक रतनगडावर जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. आम्ही दुसरी धरली.

हा सगळा भाग 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. झाडी अशी की ऊन खाली पोचत नाही. कारवीच्या वाळक्या काठ्या सॅकला अडकतात आणि माणूस मागे खेचला जातो, कुणीतरी हाक मारून थांबवावं तसा. खिंडीखालचा शेवटचा चढ छातीवर येणारा, त्यात घसारा. दोन पावलं वर, एक खाली. गप्पा आपोआप बंद. पाच माणसांचे श्वास आणि कुरमुरे, एवढाच आवाज.

खिंडीत उभं राहिलं की मागे रतनगड आणि पुढे आजोबाचा डोंगर, त्याच्या पल्याड हरिश्चंद्रगड. एवढं लांब जायचंय? असं प्रत्येकाच्या मनात आलं, बोललं कुणी नाही.

कुमशेतला दुपारी एकच्या सुमारास पोचलो. एका मावशींनी पिठलं-भाकरी वाढली, वर ठेचा. मी ओटीवर जरा पाठ टेकली ती चांगली पाऊणतास झोपलो. उठलो तर सगळ्यांच्या सॅक पाठीवर, माझी भिंतीला टेकवून तयार.

दुपारी मात्र कमाल झाली. मुळा नदीचं पात्र ओलांडलं, पाचनईच्या वाटेला लागलो आणि मी सगळ्यांच्या पुढे! गुडघेवाला मागे, गणिताच्या बाई मागे. मी मधूनमधून थांबून त्यांना धीर देत होतो. "जेवणानंतर माझे पाय सुटतात," असंही सांगितलं. दोनतीनदा सांगितलं असेल. चौघं मान डोलवत होते. आणि हो, कुरमुऱ्यांचा आवाज आता अगदी माझ्या कानाशी येत होता. मला वाटलं, हा पठ्ठ्या माझ्या मागोमाग चांगला चाललाय.

पाचनईत पोचलो तेव्हा ऊन कड्यावरून वर सरकत चाललं होतं. ज्यांच्या घरी उतरलो त्या मामांच्या पडवीत आढ्याला हिरडा तोलायचा ताणकाटा लटकत होता. मामा म्हणाले, "बघू तरी, शेरातली माणसं काय वझं वाहत्यात." गणिताच्या बाईंची सॅक भरली 15 किलो. गुडघेवाल्याची 14. मग माझी. काटा थोडा हलला आणि 8 वर थांबला.

"पाणी प्यायलास की भरपूर," कुरमुरेवाला म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी सॅक उघडली. वर जॅकेट होतं, तळाला स्लीपिंग बॅग. आणि मधोमध, पाठीला चिकटून, नियमाप्रमाणे, कुरमुऱ्यांची पिशवी.