खांड बुजवायला कोण येतं?

अलिबाग तालुक्यातलं हे चरी. 1933 ला इथल्या कुळांनी ठरवलं, खोतासाठी जमीन कसायची नाय. नारायण नागू पाटील पुढे होते, 25 गावं संपात उतरली आणि सहा वर्षं हा संप चालला, घरात दाणा नाय, बायामाणसं डोक्यावर मोळ्या घेऊन विकायला जायची पण कुणी मागे फिरलं नाय. शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, जन्मला तो यानंतर, पण रायगडात त्याचं मूळ शोधायचं तर इथेच यावं लागतं.

आता अलीकडचं, पक्ष संपला असं लोक म्हणतात ते. 2014 ला विधानसभेत शेकापचे तीन आमदार होते, त्यातले दोन रायगडचे, अलिबाग आणि पेण. 2019 ला रायगडात शून्य, 2024 ला परत शून्य. पक्षाचे नेते जयंतभाई पाटील, नारायण नागूंचे नातू, विधान परिषदेला पडले, त्यांचे भाऊ आणि अलिबागचे माजी आमदार पंडितशेठ भाजपात गेले, म्हणजे नारायण नागूंच्या घरातच दोन झेंडे. पेणचे माजी आमदार धैर्यशील पाटील तर आधीच जाऊन खासदार पण झाले.

मग पालवी फुटली कुठे, तर घाटावर! सोलापूरकडच्या सांगोल्यात 2019 ला तिथल्या जुन्या आमदारांचा, गणपतराव देशमुखांचा, एक नातू 768 मतांनी पडला, 2024 ला दुसऱ्या नातवाने, बाबासाहेबांनी, सीट परत आणली. त्या निवडणुकीत पक्षाचा हा एकच आमदार आला.

कोकणात बघायचं तर उरण बघा. इथे 2024 लाच शेकापच्या प्रीतम म्हात्रेंना 88 हजारांवर मतं पडली, साडेसहा हजारांनी हरले, आणि आघाडीतल्याच ठाकरे गटाचा उमेदवार पण उभा होता, आता बोला. एवढी मतं जिथे पडतात तिथे पक्ष संपला कसं म्हणायचं?

2 ऑगस्ट 2025 ला पनवेलला वर्धापन दिनाला राज ठाकरे आले, संजय राऊत आले, चॅनलवाल्यांची धावपळ झाली. चांगलंय, पण निम्म्या टाळ्या पाहुण्यांच्या होत्या असं आपलं मला वाटतं.

त्यापेक्षा हे बघा, खारेपाट, खाडीकाठची भातशेती. उधाणाने बांधाला खांड, म्हणजे भगदाड, गेलीय, खारं पाणी शेतात शिरलंय, आणि एकदा का शिरलं की पुढची काही वर्षं तिथे भात धड होत नाय. पूर्वी अशी खांड बुजवायला अख्खा गाव चिखलात उतरायचा, त्यात लाल बावट्याची माणसं हमखास असायची, मतं काय भाषणावर मिळत नव्हती. आज शेकापचा हा पोरगा मोबाईलवर खांडीचा व्हिडिओ काढतोय, खारभूमी खात्याला द्यायचा अर्ज पिशवीत आहे, सोबत सात-बाराच्या झेरॉक्स. अंगात निवडणुकीतला टी-शर्ट, पाठीवर शिट्टी, पक्षाची निवडणुकीतली निशाणी. त्याआधी खटारा, म्हणजे बैलगाडी, ही पक्षाची निशाणी होती हे त्याने फक्त आजोबांकडून ऐकलंय. पण अर्ज घेऊन घरोघरी सह्यांना फिरतोय तो हाच.

2017 ला रायगड झेडपीत 59 पैकी 23 जागा शेकापच्या होत्या, सगळ्यात मोठा पक्ष, तरी अध्यक्षपद राष्ट्रवादीच्या अदिती तटकरेंना गेलं. त्या 23 जागा अशाच पोरांच्या पायपिटीवर आल्या होत्या. याच्याकडे तिकिटाचा विषय काढला की नुसता हसतो, ते भाई ठरवतील म्हणतो. भाईंनी जरा लवकर ठरवलं तर बरं, नायतर पुढच्या खेपेला हा पण दुसऱ्याच पक्षाच्या टी-शर्टात दिसायचा, रायगडात असे कमी नायत.