बायोडेटातला मंगळ, रीलमधला शुक्र

(दृश्य: अंबाबाईचं देऊळ, महाद्वार. मंगळवारची रांग.)

कोल्हापुरात देवीचे वार दोन, मंगळवार आणि शुक्रवार. या दोन दिवशी महाद्वार रोडला गाडी लावायला जागा मिळाली तर ग्रह चांगले आहेत असं खुशाल समजावं. हे वार ज्या दोन ग्रहांचे आहेत, त्यांच्यावर माणसाच्या स्वभावाची बरीचशी भाकितं चालतात. नवग्रह देवळाच्या आवारातच आहेत. बहुतेक लोक हात जोडतात आणि पुढं सरकतात.

वराहमिहिर सहाव्या शतकातला. त्याच्या बृहज्जातकात ग्रहांचा दरबार भरलेला आहे. रवी-चंद्र राजे, बुध राजकुमार, गुरू आणि शुक्र मंत्री, मंगळ सेनापती. मंगळाकडं धाडस, राग, रक्त, जमीन, भाऊबंद. शुक्राकडं रूप, कला, दागदागिने, संसारसुख आणि पुरुषाच्या पत्रिकेत बायको.

(दृश्य: तालमीतला हौदा, लाल माती. मग गुजरीतलं सराफी दुकान.)

या वाटणीप्रमाणं बघायला गेलं तर कोल्हापुराला दोघंही उदंड आहेत. एकीकडं गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम आणि शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान. दुसरीकडं गुजरीतला कोल्हापुरी साज. गुजरीत तर दोन्ही ग्रह एकाच काउंटरवर मिळतात, मंगळाचं पोवळं आणि शुक्राचा हिरा. हिरा झेपत नसेल तर ओपल.

पण नुसता ग्रह सांगून ज्योतिषी थांबत नाही. तो कुठल्या राशीत बसलाय, हे आधी बघतो. मेष आणि वृश्चिक ही मंगळाची स्वतःची घरं. तरी तो उच्चीचा, म्हणजे सगळ्यात बलवान, होतो मकरेत, शनीच्या घरी. असं का? अंगात रग असलेल्या पोराला कडक वस्ताद मिळावा, तशी ही गोष्ट. शनी शिस्त लावतो आणि राग कामाला लागतो. तोच मंगळ चंद्राच्या कर्केत नीच, म्हणजे सगळ्यात दुबळा, होतो. असा माणूस वरून गप्प असतो आणि मनात धुमसत राहतो, असं सांगतात. शुक्र वृषभ आणि तुळेचा मालक. मीनेत तो उच्चीचा, तिथं प्रेम हिशेब ठेवत नाही. कन्येत नीच, कारण तिथं प्रत्येक गोष्टीत खोट काढली जाते. स्वभावाची निरीक्षणं म्हणून ही वाक्यं मला आवडतात. जुन्या लोकांनी माणसं बारकाईनं पाहिली होती, एवढं त्यावरून नक्की कळतं.

(दृश्य: मोबाईलवर सरकणाऱ्या रील.)

आता घरातली पोरगी काय म्हणते ते ऐका. "आई, माझा व्हीनस टॉरसमध्ये आहे. म्हणून मला चांगलंचुंगलं लागतं." आई कपाटातली पत्रिका काढते. "अगं, इथं तर मेषेचा लिहिलाय."

दोघींचंही बरोबर आहे. ॲप पाश्चात्त्य पद्धतीचं, म्हणजे सायन, राशी वसंतसंपातापासून मोजणारं. आपलं पंचांग निरयन, राशी ताऱ्यांवरून मोजणारं. दोन्हींत सध्या साधारण २४ अंशांचा फरक पडतो. ॲपमध्ये वृषभेच्या १५ अंशांवर असलेला शुक्र आपल्या पत्रिकेत मेषेच्या २१ अंशांवर येतो. तिकडं शुक्र स्वतःच्या घरात, इकडं थेट मंगळाच्या. एकीकडं शांत, चवीनं जगणारी मुलगी, दुसरीकडं एका नजरेत प्रेमात पडणारी. पोरगी मात्र तीच, समोर बसून पोहे खाणारी.

एक गोष्ट जाता जाता. पृथ्वीवरून बघताना शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपेक्षा लांब जातच नाही. त्यामुळं पत्रिकेत तो सूर्याच्या राशीत, नाहीतर फार तर दोन राशी मागंपुढं. सूर्य मेषेत आणि शुक्र तुळेत दिसला, तर ती पत्रिका करणाऱ्याला परत द्यावी. आणि प्रेमाच्या या ग्रहाच्या पृष्ठभागावर तापमान ४६० अंश सेल्सियसच्या आसपास. तापट म्हणून बदनाम झालेला मंगळ मात्र थंडगार.

(दृश्य: विवाहाचा बायोडेटा, जवळून.)

आता हा कागद बघा. नाव, शिक्षण, उंची, रास, नक्षत्र, गण, नाडी. खाली मंगळ: आहे, नाही, सौम्य. शुक्राचा रकाना शोधून सापडणार नाही. संसारसुखाचा कारक म्हणून ज्याचं एवढं नाव, त्याची चौकशी लग्न जुळवताना पहिल्या कागदावर होतच नाही. पहिला प्रश्न भीतीचा असतो. "गुरुजी, मंगळ कडक आहे का हो?"

पत्रिकेतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळदोष. बारातली पाच स्थानं झाली. पहिलं स्थान लग्नराशीचं, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीचं. ती साधारण दोन तासांनी बदलते, म्हणजे एका दिवसात मंगळ बाराही स्थानांतून फिरून येतो. हिशेब सोपा आहे: २४ तासांपैकी जवळपास १० तास जन्मणारं प्रत्येक बाळ मंगळाचं. काहीजण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात, मग आकडा आणखी फुगतो. एवढी माणसं दोषी ठरल्यावर शास्त्रालाच अपवाद काढावे लागले. स्वराशीचा मंगळ चालतो, उच्चीचा चालतो, दोघांनाही असला तर चालतो. तरी स्थळं परत जातात, आणि बहुतेकदा मुलींची. याचा मला राग येतो, आणि त्याला माझ्या पत्रिकेतला मंगळ कारण नाही.

गंमत अशी की हाच मंगळ संकष्टीला आला की अंगारकी होते आणि आपण आनंदानं उपास धरतो. इस्रोचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं, तोही मंगळवारच.

(दृश्य: शिवाजी विद्यापीठाची मुख्य इमारत.)

विश्वाचा अभ्यास करणारा एक मोठा खगोलशास्त्रज्ञ याच गावात जन्मला. जयंत नारळीकर, १९ जुलै १९३८. त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर २००८ मध्ये महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या. भाग घेणाऱ्या ५१ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या, कुठली कुणाची ते ओळखायचं. उत्तरं आली २७ जणांची. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासाच्या आसपास आले असते.

ज्योतिषी म्हणतील, ती चाचणी बुद्धीची होती, शुक्र-मंगळाची नव्हती. मुद्दा रास्त आहे. मग मंगळाचीही घ्या. वीस वर्षं नीट संसार केलेली शंभर जोडपी आणि घटस्फोट झालेली शंभर. नावं झाकून पत्रिका मिसळायच्या आणि कुठली जोडी मोडली ते विचारायचं. जोडपी द्यायला कोल्हापुरात वधू-वर मंडळं आहेत, उत्तरं द्यायला ज्योतिषी आहेत आणि निकाल तपासायला विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे. कुणी तरी पुढं व्हायला पाहिजे. वार कुठलाही चालेल.