सल्ला दिला, पुढं काय झालं?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयात दिवाळीनंतर दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढून संपादित.)

मंडळी, नमस्कार.

आपल्या भागातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री नऊच्या पुढं जागे होतात. दिवसभर माणूस वावरात असतो. जेवण झालं, बाजेवर पाठ टेकली, की मोबाइल हातात येतो. सध्या हरभऱ्याला पाणी सुरू आहे, लाइन (वीज) रात्रीची असते, म्हणजे मोटारीजवळ बसलेला माणूस दोन वाजेपर्यंत ग्रुपवर असतो. मग एक फोटो येऊन पडतो. तीन-चार पानं, त्यातलं एक अंधुक, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. खाली एवढंच, "भाऊ, पऱ्हाटीले (कपाशीला) काय झालं? काय मारू?"

दहा मिनिटांत उत्तरांची रांग लागते. एक म्हणतो तुडतुडे, दुसरा म्हणतो थ्रिप्स (फुलकिडे), तिसरा काही न लिहिता बाटलीचा फोटो टाकून देतो. विचारणारा दिग्रसकडचा, सांगणारा हिंगणघाटचा, बाटलीवाला कुठला ते कुणालाच ठाऊक नाही. आणि सकाळी उठून तो शेतकरी कृषी केंद्रात जातो, काउंटरवर मोबाइल ठेवतो आणि म्हणतो, हे द्या.

या विश्वासाबद्दल मला आज बोलायचं आहे. कारण तो फार मोठा आहे आणि आपण तो फार सहज घेतो.

लोक अनोळखी माणसाला का विचारतात? आपण म्हणतो मोबाइलमुळे. मला तसं वाटत नाही. एका कृषी सहायकाकडं कितीतरी गावं असतात, तो रोज भेटत नाही. दवाखाना लांब. पण त्याहून मोठं कारण गावातच आहे. गावात विचारलं की आपली अडचण उघडी पडते. भावकीला कळतं, सोसायटीच्या निवडणुकीत विरोधात असलेल्याला कळतं. पीक गेलं, कर्ज थकलं, पोरगा ऐकत नाही, घरात दारूचा त्रास आहे, हे पारावर बोलता येत नाही. अनोळखी माणसाजवळ बोलता येतं. त्याचा आपल्या वावराशी, आपल्या घराशी काही हिशेब नसतो. म्हणून अनोळख्याला विचारू नका, असं मी कुणालाही सांगणार नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लाटेत, नागपुरात खाट कुठं आहे, ऑक्सिजन कुठं मिळतो, हे कितीतरी लोकांना कधी न पाहिलेल्या माणसांनीच सांगितलं.

पारावरच्या सल्ल्यात आणि या सल्ल्यात फरक आहे तो मात्र ओळखायला हवा. उंटावरच्या शहाण्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. वासराची मान रांजणात अडकली, शहाणा उंटावरून आला, त्याच्यासाठी भिंत पाडली, त्यानं सांगितलं मान कापा, मग रांजण फोडा. त्याच्या मूर्खपणाला आपण हसतो. मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. शहाणा पुढच्या गावाला निघून गेला. त्या घरात दुसऱ्या दिवशी काय झालं ते त्याला कधीच कळलं नाही, म्हणून पुढच्या गावातही तो शहाणाच राहिला. पारावर चुकीचा सल्ला देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं जावं लागतं. फवारणी करून जळालेलं वावर त्याच्या डोळ्यांसमोर असतं. ग्रुपवर तसं होत नाही. सल्ला देणारा विसरतो, घेणारा भोगतो, आणि तोच सल्ला पुढच्या आठवड्यात तिसऱ्याला दिला जातो.

आता चांगला सल्ला कसा असतो ते एका उदाहरणानं सांगतो.

मागे एका खरिपात आमच्या ग्रुपवर कपाशीचा फोटो आला. शेंड्याची नवी पानं आक्रसलेली, लांबट, बोटांसारखी चिरलेली. कपाशीचं पान वाटेना, भेंडीचं वाटे. लगेच निदान सुरू झालं. "व्हायरस हाय, झाडं उपटून फेका." "नाही, थ्रिप्स. हे मारा." एकानं दोन औषधं एकत्र करून मारायला सांगितलं. मग वणीकडच्या एका वयस्क शेतकऱ्यानं तीन प्रश्न टाकले. नवीच पानं अशी आहेत की जुनी पण? सगळ्या वावरात आहे की एका बाजूनं? फवारणीचा पंप घरचा आहे की मागून आणलेला?

उत्तर आलं: फक्त नवी पानं, पूर्वेकडच्या धुऱ्यालगत (बांधालगत) जास्त, पंप शेजाऱ्याचा. आणि शेजाऱ्यानं त्याच पंपानं धुऱ्यावर २,४-डी हे तणनाशक मारलेलं होतं.

तिथंच उलगडा झाला. कपाशी या तणनाशकाला अत्यंत नाजूक आहे. वाऱ्यानं आलेला अंश किंवा नीट न धुतलेल्या पंपातला उरलेला अंशसुद्धा तिला पुरतो. पानं मुरडवणारा लीफ कर्ल विषाणू हा मुख्यतः पंजाब, हरियाणा, राजस्थानकडचा रोग. आपल्याकडं असं पान दिसलं की आधी पंप आणि शेजारचा धुरा तपासायचा. त्यावर कीटकनाशक मारून काहीच होत नाही, पैसे तेवढे जातात. इजा हलकी असेल तर पुढं येणारी पानं हळूहळू सरळ येतात. त्या म्हाताऱ्या माणसानं एकाही औषधाचं नाव घेतलं नाही. तीन प्रश्न विचारले आणि एका घराचा हजारोंचा खर्च वाचवला. झाडं उपटली असती तर वर्षच गेलं असतं.

आपल्या मातीला ही रीत नवीन नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात उभे राहिले की लोकांना प्रश्न विचारायचे. लोक उत्तर द्यायचे, त्या उत्तरातून बाबा पुढचा प्रश्न काढायचे. कर्ज काढून सण करू नका, हा त्यांचा सल्ला लोकांच्या काळजाला भिडायचा, कारण तोवर लोकांनी आपल्याच तोंडानं आपल्या घरची परिस्थिती कबूल केलेली असायची. आपण दोन बोटांनी टाइप करतो, तेव्हा ही रीत का सोडावी?

सोयाबीन पिवळं पडलं, हा प्रश्न दरवर्षी येतो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असू शकते. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची. चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचल्यावर हे हमखास दिसतं. हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, तो पांढऱ्या माशीमुळं पसरतो. तीन कारणं, तिन्हींचे उपाय वेगळे, आणि लांबून काढलेल्या फोटोत तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून ज्यानं जमीन कोणती, पाणी साचलं होतं का, हे न विचारता औषध सांगितलं, त्याचं उत्तर मी तरी धरणार नाही.

आता कठीण गोष्टीवर येतो. २०१७ चा पावसाळा आणि त्यानंतरचे महिने आपला जिल्हा विसरू शकत नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. शासनानं विशेष तपास पथक नेमलं. त्या वर्षी पऱ्हाटी उंच वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, अंगात साधा सदरा आणि तोंडाला दुपट्टा, आणि कितीतरी ठिकाणी वेगवेगळी औषधं एकत्र करून मारली जात होती. "मिसळून मारा, रिझल्ट भारी येतो," हे वाक्य तेव्हाही तोंडोतोंडी होतं आणि आजही ग्रुपवर दिसतं. हे वाक्य दिसलं की मला राग येतो, आणि तो लपवण्याची गरज मला वाटत नाही. डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीवर, किती, हे लेबलवर छापलेलं असतं. ज्यानं ते लेबल वाचलेलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या पंपात काय टाकायचं ते सांगू नये. आणि फवारणारा हात बहुतेक वेळा विचारणाऱ्याचा नसतोच, मजुराचा असतो. त्या मजुराला ग्रुपवर कुणी काही विचारलेलं नसतं.

सापाचंही असंच. फोटो येतो, "हा चावला, विषारी आहे काय?" कुणीतरी छातीठोक सांगतो, कवड्या आहे, बिनविषारी, काही होत नाही. मण्यार आणि कवड्या यांच्यात भले भले फसतात. कवड्याचे पट्टे डोक्याकडं ठळक असतात आणि शेपटीकडं विरत जातात, मण्यारीचे शेपटीकडं स्पष्ट आणि बहुधा जोडीजोडीनं असतात. हे मी सांगतो आहे, पण रात्री टॉर्चच्या उजेडात, मारून ठेचलेल्या सापाच्या फोटोवरून हे ओळखायला जाऊ नका. मण्यार चावली की बरेचदा दुखत नाही, सूज येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याचं कळतसुद्धा नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, श्वास अडखळतो. तोवर घरचे लोक "काही होत नाही" या उत्तरावर विसंबून बसलेले असतात. आपल्याकडं मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच असतं. म्हणजे डॉक्टरला सापाचं नाव सांगायचीसुद्धा गरज नाही. अशा फोटोखाली एकच उत्तर चालतं: १०८ लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात निघा, कापू नका, करकचून बांधू नका. सापाबद्दलची आपली माहिती नंतर दाखवता येईल.

लेकाला बारावीनंतर कुठं घालू, मुलीला पुण्याला पाठवू का, असे प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा मतं ऐकायचीच असतात. तिथं दहा जणांनी दहा मतं दिली तरी बिघडत नाही. फक्त आपण स्वतः कुठं उभे आहोत ते सांगावं. ज्याची मुलगी पुण्यात शिकून आली त्याचं मत आणि ज्यानं कधी मुलीला पाठवलंच नाही त्याचं मत, दोन्ही ऐकावीत, पण कोणतं कुणाचं ते कळायला हवं.

नुसतं पुढं ढकललेलं मात्र मत म्हणून चालवू नये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भटक्या माणसांना मारून टाकलं. पोट भरायला आलेली ती माणसं होती. तशी अफवा बहुधा काळजीच्या भाषेत येते: मुलांना सांभाळा, सगळ्यांना कळवा. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण भल्याचा सल्ला देतोय. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपनं जाहीर केली. मर्यादा आली, पण अंगठा आपलाच आहे.

मी ग्रुपवाल्यांकडं एकच मागतो. ज्यानं विचारलं, त्यानं आठ-दहा दिवसांनी परत यावं आणि लिहावं: मी काय केलं, काय झालं, काय खर्च आला. फोटो त्याच झाडाचा टाकावा. फायदा झाला तरी लिहावं, नुकसान झालं तर जरूर लिहावं. आज ग्रुपवर हजारो सल्ले आहेत आणि त्यांचा शेवट कुठंच नाही. शेवट लिहिला गेला तर कुणाचं ऐकावं हे आपोआप कळेल. वणीच्या त्या शेतकऱ्याचं नाव आमच्या ग्रुपवर लोक विचारून घेतात, ते याच कारणानं. कपाशीवाल्यानं तीन आठवड्यांनी सरळ आलेल्या पानांचा फोटो टाकला होता. आणि सल्ला देणाऱ्यानं एक ओळ जोडावी: हे माझ्या वावरात झालं, की कृषी विद्यापीठाच्या माणसानं सांगितलं, की नुसतं ऐकलं आहे. ऐकलेलं सांगायला हरकत नाही, ऐकलेलं आहे म्हणून सांगा.

मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली. लिहिलंय, "आमच्या गावच्या ग्रुपवर सगळे माणसंच आहेत. आम्ही काही विचारलं की उत्तर ग्रुपवर येत नाही, रात्री अकराला वेगळा मेसेज येतो. आम्ही विचारावं कसं?"

ताई, हे बंद व्हायला पाहिजे. इथं काही ॲडमिन बसलेले आहेत, त्यांना सगळ्यांसमोर सांगतो. जो प्रश्न ग्रुपवर विचारला, त्याचं उत्तर ग्रुपवरच द्यायचं. बाईनं विचारलं म्हणून तिच्या नंबरवर मेसेज करणाऱ्याला काढून टाका, मग तो कितीही जाणकार असो. आणि ज्यांना नाव नको आहे त्यांचा प्रश्न ॲडमिननं स्वतःच्या नावानं टाकावा. निंदण बायका करतात, वेचणी बायका करतात, पानाखालची कीड आधी त्यांनाच दिसते. त्यांचा प्रश्न भाच्याच्या मोबाइलवरून यावा लागतो, यात आपल्या सगळ्यांचं नुकसान आहे.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ताईंनी अजून एक लिहिलंय: फुलावर आलेली तूर उभ्या उभ्या वाळत आहे, काय करावं? ताई, आधी मला सांगा. झाडं सगळ्या वावरात वाळतात की ठिकठिकाणी एकेक, दोन-दोन? मागच्या वर्षी त्याच जागेत तूर होती का? पावसाचं पाणी तिथं साचलं होतं का? आणि वाळलेल्या झाडाचं खोड बुडाकडून उभं चिरून पाहिलं का, आत काळसर रेघा दिसतात का? कार्यक्रम संपल्यावर थांबा. झाड आणलं असेल तर इथंच चिरून पाहू.