उसाची ट्रॉली आणि पहिला अर्धा तास

नमस्कार श्रोतेहो. मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी हाडांचा डॉक्टर आहे. कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्याकडे रात्रीचे पेशंट वाढतात. त्यातले कितीतरी जण उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेले मोटारसायकलवाले असतात.

ट्रॅक्टर हे मुळात शेतातलं वाहन. हंगामात ते दोन-दोन ट्रॉल्या ओढत डांबरी रस्त्यावर येतं. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसाआड जातो. पंक्चर झालं की ट्रॉली रस्त्यातच उभी राहते. चाकाला लावलेले दगड ती निघून गेल्यावरही तिथंच पडून असतात. कधी ट्रॅक्टरचा मागचा, शेतात कामाला लागणारा दिवा चालू राहतो, आणि मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय. मोटारसायकलवाल्याच्या छातीला, तोंडाला नेमका ट्रॉलीचा लोखंडी फाळका लागतो.

गेल्या हंगामात रात्री साडेदहाला गावकऱ्यांनी एका तरुणाला जीपमधून आणलं. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, आणि जखमेत मूठभर हळद. रक्त थांबावं म्हणून कुणीतरी मायेनंच ती भरली होती. ती धुऊन काढायलाच आम्हाला बराच वेळ लागला. अशा जखमेत आधीच माती गेलेली असते, त्यात हळद किंवा चहापूड भरली की जंतूंना आयतं घर मिळतं. स्वच्छ कापड ठेवा आणि तळहातानं घट्ट दाबून धरा, एवढंच करा. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका. पाय आहे तसाच फळीला किंवा उसाच्या कांड्यांना सैल बांधून हलेनासा करा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक जितकं लवकर मिळेल तितका पाय वाचायची आशा जास्त.

पाण्याचंही सांगतो. जखमी माणूस पाणी मागतो आणि आपला जीव कळवळतो. पण ऑपरेशन लागणार असेल तर भरलं पोट घातक ठरतं, आणि शुद्ध हरपत असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं. ओठ ओले करा, पाजू नका.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसतो, नाव सांगतो, घरी फोनही करतो. सगळे म्हणतात, वाचला. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर तासा-दोन तासांत तोच माणूस बेशुद्ध पडतो. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा झोपाळूपणा दिसला की घरी नेऊ नका, सीटी स्कॅन असेल तिथं न्या. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून काढा, एकानं मान आणि डोकं सरळ धरून. हेल्मेट घातलं तर अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं अनुमान आहे. मी ते रोज टेबलावर पाहतो.

१०८ ला फोन करताना फक्त गावाचं नाव पुरत नाही. कारखान्याकडचा रस्ता, जवळचा ओढा, वस्ती, मैलाचा दगड सांगा. पोलिसांच्या झंझटीला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही. आणि मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोख मिळतात. दवाखान्यात ते आवर्जून विचारा.

त्या तरुणाचा पाय वाचला. पण त्याचा उजवा हात खांद्यापासून लुळा लटकत होता. धडकेत मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला की मानेतून हातात येणाऱ्या नसा तुटतात. मोटारसायकलवाल्यांत ही इजा फार दिसते, आणि घरचे 'येईल हळूहळू' म्हणत मालिशवाल्याकडे फेऱ्या मारतात. या नसांचं ऑपरेशन पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झालं तरच स्नायू जगतात. आम्ही त्याला चौथ्या महिन्यात मोठ्या शहरात पाठवलं. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. गेल्या आठवड्यात तो आईबरोबर आला, खुर्चीत बसला आणि काही न बोलता त्यानं कोपर वाकवून हात छातीपर्यंत आणला. आईनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

नमस्कार.