ओळीच्या टोकाचा गुलाब

मंडळी, फ्रान्समधील बोर्दो परिसरातील द्राक्षबागांची छायाचित्रे आपण पाहिली असतील. वेलींची ओळ जेथे संपते तेथे पुष्कळदा गुलाबाचे झुडूप असते, आणि ते कशासाठी असे विचारले की एक ठरलेले उत्तर मिळते: रोग आधी गुलाबावर दिसतो आणि बागायतदाराला वेलीवर फवारणी करण्यास अवधी मिळतो. हे उत्तर निम्मेच खरे आहे.

अशा पूर्वसूचनेची गरज का भासली, हे समजण्यासारखे आहे. द्राक्षावरील भुरी, म्हणजे पानांवर पांढुरकी भुकटी धरणारा बुरशीजन्य रोग, मूळची उत्तर अमेरिकेतली. इंग्लंडमधील मार्गेट येथे १८४५ साली ती एका माळ्याच्या नजरेस पडली आणि पुढील काही वर्षांत तिने फ्रान्समधील बागांची दैना केली. त्यावर गंधकाची भुकटी लागू पडली, मात्र ती रोग पसरण्याआधी धुरळावी लागे; त्यामुळे दोन दिवस आधी मिळणाऱ्या इशाऱ्यालाही मोल होते.

आता अडचण अशी की वेलीवरची भुरी एरिसायफी निकेटर या बुरशीमुळे येते, तर गुलाबावरची पोडोस्फिरा पॅनोसा या वेगळ्या बुरशीमुळे. भुरीच्या बुरशा आपापल्या यजमान झाडाला धरून असतात. गुलाबावरची भुरी वेलीवर जात नाही आणि वेलीवरची गुलाबावर येत नाही. केवडा या दुसऱ्या रोगाचेही, म्हणजे आपण ज्याला डाऊनी म्हणतो त्याचे, तसेच आहे. मग गुलाब नेमके काय सांगतो? भुरीला मानवणारी हवा, म्हणजे ढगाळ व उबदार दिवस आणि दमट पण पाऊस नसलेले वातावरण, सुरू झाली आहे, एवढेच. भुरीचे बीजाणू रुजायला पानावर पाणी साचावे लागत नाही, केवड्याला मात्र ओले पान लागते. त्यामुळे गुलाबावरील भुरीवरून वेलीवरील केवड्याचा अंदाज बांधणे सर्वस्वी चुकीचे ठरेल.

टोकाला काटेरी झुडूप असले की नांगराचा घोडा वळताना ओळीत घुसत नाही, असेही एक कारण सांगतात. ते पडताळणे अवघड असले तरी मला ते पटण्याजोगे वाटते.

नाशिक किंवा तासगावच्या बागायतदाराने या प्रथेचे अनुकरण करावे का, हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न आहे, आणि येथे मी सावध राहीन. आपल्याकडे द्राक्षावर येणारे फुलकिडे आणि लाल कोळी गुलाबावरही पोसले जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर कोवळी फूट येते तेव्हा शेजारी किडींना आसरा देणारे झाड असणे हिताचे नाही. शिवाय आपल्या बागेत गुलाबाच्या आधी वेलीवरच भुरी दिसू शकते, कारण दोन्ही झाडांना नवी पालवी एकाच वेळी फुटेल असे नाही. पानांचा ओलावा आणि तापमान नोंदवणारे हवामान यंत्र, आणि दाट सावलीतल्या पानांची व कोवळ्या मण्यांची रोजची पाहणी, ही दोन्ही साधने गुलाबापेक्षा अधिक भरवशाची आहेत.

तरीही कोणाला गुलाब लावायचाच असेल, तर भुरीला सहज बळी पडणारे वाण निवडावे आणि त्यावर बुरशीनाशक फवारू नये. रोगप्रतिकारक वाण लावले, किंवा वेलीबरोबर त्याचीही फवारणी केली, तर ते झुडूप केवळ शोभेचे उरते. आणि इशारा देणारे झुडूप हवे असेल, तर बागेच्या दर्शनी टोकाला पांढुरक्या पानांचा, वेडावाकडा गुलाब उभा ठेवण्याची तयारी हवी. वायनरी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बाग सजवणारे मालक ही अट कितपत मान्य करतील, याविषयी मला शंका आहे.