मांजरीच्या घरची सात वर्षांची चाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

शापाने बेडूक झालेला राजपुत्र आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असतो. ग्रिम बंधूंच्या संग्रहातली पहिलीच कथा ती. आज मात्र मी त्याच्या उलट्या बाजूच्या कथांविषयी बोलणार आहे. या कथांमध्ये नवरा माणूस असतो आणि नवरी प्राणी असते. कधी ती बेडकी असते, कधी मांजर, कधी सर्पीण, तर कधी आईच्या तोंडून रागाच्या भरात निघालेल्या शब्दाने डोमकावळी होऊन उडून गेलेली राजकन्या. राजपुत्र प्राणी झालेल्या कथांचा जितका बोलबाला झाला तितका या कथांचा झाला नाही, आणि माझ्या मते हा या कथांवर अन्यायच आहे.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांनी जर्मनीतल्या कासेल या शहरात राहून या कथा गोळा केल्या. पहिला खंड 1812 साली निघाला, दुसरा 1815 साली, आणि पुढे 1857 पर्यंत संग्रहाच्या सात मोठ्या आवृत्त्या झाल्या. लोककथांची वर्गवारी करणारे अभ्यासक प्राणिवधूच्या कथांना 402 हा क्रमांक देतात. या क्रमांकांची पद्धत 1910 मध्ये आन्टी आर्ने या फिनलंडच्या अभ्यासकाने घालून दिली. क्रमांक विसरलात तरी चालेल, सांगाडा मात्र ध्यानात ठेवा. तीन भाऊ किंवा तीन चाकर असतात, त्यांतल्या धाकट्याला सगळे खुळा समजतात, घरचा वडीलधारा त्यांना काहीतरी उत्तम वस्तू आणायला बाहेर धाडतो, आणि खुळ्याला ती वस्तू एका प्राण्याकडून मिळते. तीन जण, धाकटा खुळा, आणि देणारा प्राणी. तो प्राणी म्हणजेच पुढची नवरी.

‘तीन पिसे’ ही ग्रिम संग्रहातली त्रेसष्टावी कथा या सांगाड्यावर नेमकी बसते. म्हातारा राजा तीन पिसे हवेत फुंकतो आणि ज्याचे पीस जिकडे जाईल तिकडे त्याने जावे, असे मुलांना सांगतो. एक पीस पूर्वेला जाते, दुसरे पश्चिमेला, आणि धाकट्याचे तिथेच जवळ जमिनीवर पडते. भाऊ त्याला हसून चालते होतात. धाकटा खिन्न होऊन पिसापाशी बसतो, तेव्हा त्याला जमिनीत एक झाकणदार दार दिसते. दाराखाली पायऱ्या असतात आणि पायऱ्यांच्या शेवटी एक लठ्ठ, खरखरीत कातडीची बेडकी आपल्या पिलावळीच्या घोळक्यात बसलेली असते. ती त्याला सर्वांत सुंदर गालिचा देते, मग सर्वांत सुंदर अंगठी देते. थोरले दोघे वाटेत भेटलेल्या मेंढपाळाच्या बायकोची जाडीभरडी वस्त्रे आणि गाडीच्या जुन्या कड्याचे खिळे उपटून केलेली अंगठी घेऊन परततात, कारण धाकट्याला काही मिळणारच नाही, मग आपण कशाला शोधाशोध करा, असा त्यांचा हिशोब असतो. तिसऱ्या खेपेला सर्वांत सुंदर स्त्री आणायची असते. या वेळी बेडकी त्याला एक पोखरलेले पिवळे गाजर देते, सहा उंदीर जुंपलेले. आता याचे मी काय करू, असे तो रडवेल्या तोंडाने विचारतो, तेव्हा माझ्या पिलांपैकी एकीला त्यात बसव, एवढेच ती सांगते.

इथे थोडे थांबू या. तो पिलू निवडत नाही. घोळक्यात हात घालून हाताला लागेल ते उचलतो आणि गाजरात ठेवतो. ते आत बसते न बसते तोच सुंदर मुलगी होते, गाजराची बग्गी होते आणि उंदरांचे घोडे होतात. तो तिचे चुंबन घेतो, पण ते रूप पालटल्यानंतर. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण चुंबनाने शाप सुटतो ही समजूत आता इतकी पक्की झाली आहे की ग्रिम बंधूंच्या बेडूक राजपुत्राला राजकन्येने चुंबन दिलेले नसून रागाने भिंतीवर आपटले होते, असे सांगितले तर मुलेच काय, पालकही ऐकून घेत नाहीत. गुळगुळीत कागदावर चुंबनाचे चित्र छापणारी पुस्तके वाटेल त्या किमतीला विकली जातात आणि भिंत मात्र गाळली जाते. मला भिंत अधिक आवडते. असो.

या कथेची भावंडे पुष्कळ आहेत. 1812 मध्येच ब्यूशिंग या जर्मन संग्राहकाने छापलेल्या पाठात अजमोदेच्या पाल्यासाठी हट्ट धरणारी मुलगी बेडकी होते. त्याच्याही शंभरहून अधिक वर्षे आधी, 1698 साली, फ्रान्समध्ये मादाम दोल्नुआ यांनी ‘पांढरी मांजर’ लिहिली. ती दरबारी थाटाची कथा आहे आणि तिथे मांजर राजपुत्राला स्वतःच सांगते की माझे डोके आणि शेपूट तोडून आगीत टाक, म्हणजे मी सुटेन. रशियन पाठात बेडकी रात्री कातडे उतरवून माणूस होते, नवरा ते कातडे जाळतो, आणि थोडी कळ काढली असतीस तर मी कायमची तुझी झाले असते, असे म्हणून ती निघून जाते. आपल्या महाभारतातही, वनपर्वात, अयोध्येच्या परीक्षित राजाला वनात भेटलेली सुंदरी ‘मला पाणी दाखवू नकोस’ या अटीवर लग्न करते, तळे दिसताच त्यात उतरून नाहीशी होते आणि शेवटी मंडूकराजाची मुलगी निघते. फ्रान्समध्ये तलवार, रशियात आग, आपल्याकडे अट. जर्मन कथेत मात्र यांतले काहीच नाही. नवऱ्याला सांगितलेले काम तेवढे करायचे असते आणि कशासाठी हे विचारायचे नसते. वधू सुटते कशी, हे त्याला कळत नाही आणि बहुतेक वेळा आपल्यालाही कळत नाही.

हे सर्वांत चांगले दिसते ते एकशे सहाव्या कथेत, गरीब गिरणीवाल्या पोऱ्याच्या आणि मांजरीच्या गोष्टीत. ती सांगता यावी म्हणूनच मी आज हा विषय घेतला, हे आता लपवून उपयोग नाही.

ही गोष्ट ग्रिम बंधूंना मिळाली डोरोथेआ फीमान या बाईंकडून. 1755 साली कासेलजवळच्या एका खानावळवाल्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लग्न एका शिंप्याशी झाले. घर त्स्वेर्न या खेड्यात होते आणि बागेतला माल विकायला त्या कासेलला येत. येता-जाता ग्रिमांच्या घरी थांबून गोष्टी सांगत. विल्हेल्मने प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे की त्या आधी मोकळेपणाने गोष्ट सांगत, आणि हवे असल्यास पुन्हा सावकाश सांगत, इतकी सावकाश की थोड्या सवयीने ऐकणाऱ्याला लिहून घेता येई, आणि कुठे चूक झाली तर त्या लगेच स्वतःच ती सुधारत. हल्ली गोष्ट सांगणाऱ्यांना फार घाई असते, आमच्या क्षेत्रातल्या मंडळींनाही. फीमानबाई सावकाश सांगत. 1815 च्या नोव्हेंबरात त्या वारल्या, आणि 1819 च्या आवृत्तीत त्यांचे चित्र छापले गेले.

तर ऐका. एका गिरणीत एक म्हातारा गिरणीवाला होता. त्याला बायको नव्हती, मूल नव्हते, तीन पोरे त्याच्याकडे कामाला होती. एक दिवस तो म्हणाला, आता मी शेगडीच्या उबेला बसणार. तुम्ही बाहेर पडा. जो सर्वांत चांगला घोडा आणील त्याला गिरणी देईन, मात्र त्याने मला मरेपर्यंत सांभाळायचे. धाकटा हान्स खुळा म्हणून ओळखला जाई. दोघा शहाण्यांनी त्याला रात्री एका गुहेत झोपलेला तसाच सोडला आणि पोबारा केला.

सकाळी हान्स धडपडत वर आला आणि रानातून चालू लागला. वाटेत एक लहानशी ठिपक्याठिपक्यांची मांजर भेटली. मांजर आडवी गेली म्हणून चार पावले मागे फिरणारी मंडळी आपल्यात आहेत. हान्स त्यांच्यातला नव्हता, हे त्याचे भाग्य. मांजर म्हणाली, तुला काय हवे ते मला ठाऊक आहे. माझ्याकडे सात वर्षे इमानाने चाकरी कर, असा घोडा देईन की जन्मात पाहिला नसशील. हान्स मनात म्हणाला, मांजर चमत्कारिकच दिसते, पण खरे-खोटे पाहू तरी.

ती त्याला आपल्या मंतरलेल्या गढीत घेऊन गेली. तिथे सगळे नोकर मांजरेच. जिन्यावरून टणाटण उड्या मारीत वर-खाली करणारी. रात्री जेवणाच्या वेळी तिघांनी वाद्ये धरली. एक खर्जाचे मोठे फिडल वाजवीत होते, एक लहान फिडल, आणि तिसरे ट्रम्पेट तोंडाला लावून गाल फुगतील तितके फुगवीत होते. जेवण झाले, टेबल हलवले, आणि मालकीण म्हणाली, ‘चल हान्स, माझ्याबरोबर नाच.’ हान्स म्हणाला, ‘नाही, मनीमावशीबरोबर मी नाचत नाही. असले आजवर कधी केलेले नाही.’ लग्नाच्या वरातीत खुर्ची धरून बसणाऱ्या आपल्या पुरुषमंडळींचे उत्तर याहून वेगळे नसते, फक्त त्यांच्यापुढे मांजर नसते. मांजर रागावली नाही. ‘मग याला झोपवा,’ एवढेच म्हणाली. एका मांजराने दिवा दाखवला, एकाने बूट काढले, एकाने पायमोजे, आणि शेवटच्याने फुंकर मारून दिवा विझवला. सकाळी पुन्हा तीच पलटण हजर. एकाने मोजे चढवले, एकाने मोज्यांचे बंद बांधले, एकाने बूट आणले, एकाने तोंड धुतले आणि एकाने शेपटीने ते पुसले. हान्स म्हणाला, ‘हे फार मऊ लागते.’ सबंध गोष्टीत त्याने काढलेला हाच एक आनंदाचा उद्गार.

आता काम. रोज लाकडे फोडायची. कुऱ्हाड चांदीची, पाचरी चांदीच्या, करवत चांदीची, मोगरी तेवढी तांब्याची. मग एकदा कुरण कापायला सांगितले, त्यासाठी लांब दांड्याचा चांदीचा विळा आणि धार लावायला सोन्याचा दगड, आणि वर ताकीद की सगळे मोजून परत कर. हान्सने गवत कापले, वाळवले, विळा, दगड आणि गवत घरी आणून दिले आणि विचारले, माझी मजुरी? मांजर म्हणाली, अजून एक काम. चांदीचे लाकूडसामान दिले, चांदीची सुताराची कुऱ्हाड, चांदीचा गुण्या, आणि सांगितले की मला एक लहान घर बांध. हान्सने बांधले. लक्षात घ्या, श्रोतेहो, त्याने राक्षस मारला नाही, कोडे सोडवले नाही, कातडे जाळले नाही. लाकडे फोडली, गवत वाळवले, घर बांधले. सात वर्षे गेली आणि त्याला ती सहा महिन्यांसारखी वाटली.

मांजरीने त्या घराचे दार उघडले, तर आत बारा घोडे, आरशासारखे लखलखणारे. हान्सचे काळीज सुपाएवढे झाले. पण ती म्हणाली, तू घरी जा, तीन दिवसांनी मी घोडा घेऊन येते. अंगावर नवा कपडाही दिला नाही. सात वर्षांपूर्वीचाच फाटका सदरा, आता सगळीकडून आखूड झालेला.

गिरणीत दोघे शहाणे परतलेले होते. एकाचा घोडा आंधळा, दुसऱ्याचा लंगडा. तुझा कुठे, त्यांनी विचारले. तीन दिवसांनी येईल, म्हणताच ते पोट धरून हसले. गिरणीवाल्याने त्याला टेबलापाशी बसू दिले नाही, कोणी आले तर लाज वाटेल म्हणून. थोडे अन्न बाहेर दिले, आणि रात्री तो हंसबदकांच्या खुराड्यात रखरखीत पेंढ्यावर झोपला. सकाळी जागा झाला तो तीन दिवस संपलेले होते. एका रात्रीत तीन दिवस कसे, हे विचारू नका. चूक लगेच सुधारणाऱ्या फीमानबाईंनी ही सुधारलेली नाही, तेव्हा ती चूक नसावी.

सहा घोड्यांची बग्गी आली, सातवा घोडा एका नोकराने धरलेला, आणि बग्गीतून राजकन्या उतरली. हीच ती ठिपक्यांची मांजर. कधी पालटली, कशाने पालटली, कोणी शाप दिला होता, यावर गोष्टीत एक अक्षरही नाही. हान्सने ते घडताना पाहिले नाही. त्या वेळी तो आखूड सदऱ्यात घरची वाट चालत असावा किंवा खुराड्यात घोरत असावा. राजकन्येने त्याला बोलावून घेतले, न्हाऊ घातले, भरजरी कपडे चढवले. मग इतर दोघांचे घोडे पाहिले, आणि सातवा पुढे आणवला. गिरणीवाला म्हणाला, असला घोडा माझ्या अंगणात आजवर आलेला नाही, गिरणी हान्सचीच. राजकन्या म्हणाली, हा घोडा घ्या, आणि तुमची गिरणीही तुमच्यापाशीच राहू द्या. तिने हान्सला बग्गीत बसवले आणि नेले. चांदीच्या अवजारांनी बांधलेल्या त्या लहान घराचा आता मोठा राजवाडा झाला होता, आणि तिथे त्यांचे लग्न लागले.

गोष्ट इथे संपते, पण माझ्या मनात गिरणीच राहते. म्हाताऱ्याची अट आठवा. घोडा आणणाऱ्याला गिरणी, आणि त्याने मरेपर्यंत सांभाळायचे. आता घोडा म्हाताऱ्याकडे, गिरणीही म्हाताऱ्याकडे, आणि सांभाळणारा राजवाड्यात. मागे उरले दोन शहाणे, एक आंधळा घोडा आणि एक लंगडा. दळण कोणी दळले आणि शेगडीपाशी म्हाताऱ्याला पेज कोणी नेऊन दिली, ते फीमानबाईंनी सांगितलेले नाही, पण त्या दोघांना दुसरीकडे कुठे काम मिळाले असेल असे मला काही वाटत नाही.

नमस्कार.